शाळेचे मैदान आणि शिवाशिव

१

मांग समाजातील मुक्ता साळवे ही मुलगी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. चळवळीत या निबंधाचा उल्लेख वारंवार होतो. धर्माविषयी तिने विचारलेला प्रश्न आपल्या व्याख्यानांतून, शिबिरांतून घुमत असतो. पण त्याच निबंधात एका मैदानाचाही उल्लेख आहे. पेशवाईच्या काळात तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला, तर त्याचे मस्तक उडवले जाई आणि गुलटेकडीच्या मैदानावर तलवार व मस्तक घेऊन चेंडू-दांडूचा खेळ चाले, असे तिने लिहिले आहे.

हे मुक्ताने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तिच्या जन्माआधीच पेशवाई बुडाली होती. घरातल्या, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते तिच्या मनात होते. शाळेत गेलेल्या आमच्या मुलीने हातात लेखणी घेतली तेव्हा 'मैदान' आणि 'चेंडू' हे शब्द तिच्या लेखणीतून असे उतरले. इतर मुलांच्या लेखी जी जागा मोकळ्या हवेची आणि आनंदाची, ती तिच्या लेखी मरणाची होती.

शाळेच्या मैदानाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात शरीराचे बळ, शिस्त, खिलाडूवृत्ती, संघभावना हे शब्द ठरलेले असतात. हे गुण मैदानावर येतात, हे खोटे नाही. परंतु हे लेखन ज्या विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते, त्याला मैदानावर उतरण्यापूर्वी कोणी जात विचारलेली नसते. तो आपला सरळ मैदानावर जातो. आमचा विद्यार्थी मैदानापर्यंत सरळ गेलेला नाही. त्याच्या वाटेत तालीम आहे, छावणी आहे, पाण्याचा नळ आहे. म्हणून त्याच्या मैदानाचा इतिहास वेगळा मांडावा लागतो.

त्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मैदान ही शाळेतली अशी जागा आहे, की तिथे शिवाशिव पाळली तर खेळच होत नाही. आणि खेळ संपून तहान लागली, की तीच शिवाशिव पाण्याच्या भांड्यापाशी उभी असते. या दोन जागांमधल्या काही पावलांच्या अंतरात आमचा विद्यार्थी मोठा होत आला आहे.

२

मैदानावर कुळ विचारण्याची चाल आपल्या परंपरेत जुनी आहे. महाभारतातील द्रोण हा राजपुत्रांचा शिक्षक. त्याने एकलव्याला विद्या नाकारली आणि एकलव्याने ती स्वतःच्या बळावर मिळवली तेव्हा त्याचा अंगठा घेतला. राजपुत्रांचे शिक्षण पुरे झाल्यावर जो रंगमंडप उभारला गेला, तिथे कर्ण अर्जुनाच्या बरोबरीने शस्त्रकौशल्य दाखवून गेला. लगेच कृपाचार्य उठले आणि त्यांनी कर्णाला त्याचे कुळ विचारले. कौशल्य सर्वांनी पाहिले होते, त्याबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी प्रश्न आला तो कुळाचा. प्रस्थापितांनी हजारो वर्षे आदराने वाचलेल्या ग्रंथात विद्यार्थ्यांच्या मैदानाचे हे चित्र आहे.

आणि तरीही पुण्यातच, मुक्ताच्या काळात, या चित्राला छेद देणारी एक तालीम होती. लहुजी साळवे हे मांग समाजातील वस्ताद. दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी शिकवणारे. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. ज्या शहरात तालमीपुढून जाणाऱ्या मांगाच्या मस्तकाची कथा सांगितली जात होती, त्याच शहरात मांगाच्या तालमीत माळ्याचा मुलगा शागीर्द म्हणून उभा राहिला. पुढे अस्पृश्यांची मुले जोतीरावांच्या शाळेत यावीत म्हणून लहुजींनी खटपट केली. म्हणजे महाराष्ट्रात आमच्या मुलांना शाळेची वाट दाखवणाऱ्यांमध्ये एक तालमीचा वस्ताद होता. पाटी आणि आखाडा यांचे आमच्या इतिहासातले नाते इतके जवळचे आहे. अस्पृश्याला बुद्धी नाही असे म्हणणारी समाजव्यवस्था त्याचे शरीरही फक्त राबण्यासाठी आहे असे मानत होती. शाळेने पहिला समज मोडला आणि तालमीने दुसरा.

३

यानंतरची पायरी लष्करी छावणीची. ब्रिटिशांच्या फौजेत महार, चांभार, मांग शिपाई होते. छावणीत कवायतीचे मैदान होते, शाळा होती, शिपायांच्या मुलांना अक्षरओळख होत होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. गावच्या शिवेच्या आत ज्यांना सरळ रस्त्याने चालता येत नव्हते, त्यांची मुले छावणीच्या मैदानावर पळत होती. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली आणि ती दारे मिटली. भरतीबंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर आदींनी अर्ज केले, ते केवळ पगारासाठी नव्हते. छावणीबरोबर शाळा, मैदान आणि माणूस म्हणून वावरण्याची जागा या तिन्ही गोष्टी जात होत्या.

छावणीच्या याच वातावरणातून पालवणकर बाळू पुढे आले. जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडचा, घराणे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शाळा लवकर सुटली. मग पारशांच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात महिना ४ रुपये. तिथे जाळी बांधायची, रेषा आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा त्यांतला नामांकित फलंदाज. त्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. बाळूंनी तासन्‌तास चेंडू टाकले, परंतु त्यांच्या हातात बॅट कोणी दिली नाही.

हा तपशील नीट पाहावा. मैदान तेच, माती तीच. एकाच्या दृष्टीने तो खेळ होता आणि दुसऱ्याच्या दृष्टीने मजुरी. जो रोलर ओढतो त्याने बॅट धरायची नाही, ही वाटणी इंग्रज क्लबाने केली, आणि आपल्या गावगाड्याला ती काही अपरिचित नव्हती. शाळेच्या मैदानावर आजही कोणाचा मुलगा फक्कीने रेषा आखतो, कोणाचा मुलगा दगड वेचतो आणि कोणाचा मुलगा नाणेफेकीला जातो, हे पाहिले की बाळूंचा रोलर अजून फिरतो आहे असे वाटते.

पुण्यातील हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंशिवाय ते जमणार नव्हते. तेव्हा बरीच कुरकुर होऊन त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातून आलेला चेंडू झेलत होते. मात्र चहाच्या वेळी बाळूंना तंबूच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. तोंड धुवायचे तर अस्पृश्य नोकराने कोपऱ्यात पाणी आणून द्यायचे. चेंडू विटाळत नव्हता, पाणी विटाळत होते. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी संघाला विजय मिळवून दिल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा घ्यायला आणि जेवायला काय हरकत आहे, असे त्यांनी खेळाडूंना बजावले. सुधारकांची ही बाजूही नोंदवली पाहिजे.

पुढे बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्याकडून खेळताना १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा आणि शिवराम या त्यांच्या भावाचा मोठा वाटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या पत्राने या विजयापेक्षा संघात जात मागे पडल्याचे महत्त्व अधिक मानले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. ते परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारातील मानपत्राशी महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचे नाव जोडलेले आहे.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. वर्षामागून वर्षे त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाच्या उच्चवर्णीयांना ते मिळत गेले. १९२० साली डावलले गेल्यावर पालवणकर बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. खेळाडूने आपल्या स्वाभिमानासाठी खेळ नाकारावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदू संघ विजयी झाला. विठ्ठल यांनी पुढे आपले क्रीडाजीवन मराठीत पुस्तकरूपाने लिहून ठेवले.

मैदानाने बाळूंना काय दिले? एक साक्ष दिली. परीक्षेच्या कागदावर मास्तर गुण कमी देऊ शकतो, तोंडी परीक्षेत प्रश्न अवघड घालू शकतो. पण हजारो लोकांसमोर उडालेली यष्टी कोणाला नाकारता येत नाही. मैदान जे सांगते ते उघड्यावर सांगते. अस्पृश्यांच्या अंगी गुण नाहीत असे मानणाऱ्या समाजाला ही उघड साक्ष अडचणीची होती. मैदानाने जे दिले नाही तेही स्पष्ट आहे. मैदानाचा कायदा सीमारेषेपर्यंतच चालला. पलीकडे गावाचा कायदा होता. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले. ज्या समाजाने त्यांना कर्णधारपद द्यायला इतकी खळखळ केली, त्याला आमच्याच नेत्याविरुद्ध उमेदवार म्हणून ते चालले. यात बाळूंच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. मैदानावरचा मान आणि समाजातले हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र यातून शिकायला मिळते.

४

आता मैदानाच्या कडेला असलेल्या पाण्याकडे येऊ. बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलेल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेचे वर्णन आहे. वर्गात इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात बसायचे. बसायला घरून गोणपाट आणायचे आणि शाळा सुटली की ते घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायचे. शिपाई नसला तर तहान घेऊन घरी जायचे.

हा नियम मैदानावर नेऊन पाहावा. वर्गात बसलेले मूल तासभर तहान मारू शकते. खेळणाऱ्या मुलाला ते जमत नाही. हुतूतूचा डाव झाला, दोन फेऱ्या पळून झाल्या, घशाला कोरड पडली की सगळी मुले एकदम पाण्याकडे धावतात. त्या धावण्यात आमच्या मुलाला एका जागी थांबावे लागते. आतापर्यंत तो गडी होता, आता तो पुन्हा महार, चांभार, मांग, भंगी झाला. आपण खेळलो म्हणूनच तहान लागली आणि तहान लागली म्हणूनच अपमान झाला, हे मूल चटकन शिकते. मग काही मुले खेळणेच सोडतात. मास्तर म्हणतात, 'ह्या मुलांना खेळाची आवड नाही.' आवड कुठे आटली याचा शोध पाण्याच्या पिंपापाशी घ्यायला हवा.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही हे चुकले नाही. सरकारी शाळा, शहर मोठे, शिक्षण इंग्रजी. तरी भीमराव फळ्यापाशी जाऊ लागले तेव्हा वर्गातल्या मुलांनी फळ्यामागे ठेवलेले डबे घाईघाईने हलवले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी दिला आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. म्हणजे १९०६ साली मुंबईच्या मैदानावर चांभाराच्या मुलाने टाकलेल्या चेंडूवर हिंदू समाज टाळ्या वाजवत होता, तेव्हा त्याच मुंबईत महाराचा एक विद्यार्थी, डब्यांना कोणाची सावली लागते याची चिंता करणाऱ्या मुलांबरोबर शिकत होता.

हा पेच सुधारणेच्या नुसत्या उपदेशाने सुटणारा नव्हता, हे ज्यांना उमगले त्यांनी पाणी, जेवण आणि शाळा एकत्र हाती घेतली. शाहू महाराज कुस्तीचे मोठे आश्रयदाते. कोल्हापूरचे खासबाग मैदान त्यांचे. त्यांनीच १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले, आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. एका पंगतीला बसलेली मुले संध्याकाळी एका डावात उतरताना नावे विचारत बसत नाहीत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले तेही याच वर्षी. ठराव झाला तरी पाणी मिळाले नाही, म्हणून मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. महाडचा सत्याग्रह हा मानवी हक्काचा लढा होता. पण त्या तळ्यापाशी साताऱ्याच्या नळाखाली तहानलेला राहिलेला विद्यार्थीही उभा होता, हे विसरता येत नाही. महाडच्या लढ्याच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाच्या कवायतीत आमची तरुण मुले एका रांगेत, एका पावलाने चालू लागली. छावणीने दिलेले आणि भरतीबंदीने हिरावलेले मैदान चळवळीने आपल्या बळावर परत उभे केले.

५

आता खेळांकडे. मराठीत 'शिवाशिव' हा शब्द दोन ठिकाणी येतो. सोवळ्याओवळ्याचा, विटाळाचा जो व्यवहार तो शिवाशिव. आणि मुले एकमेकांमागे पळून, शिवून ज्याच्यावर राज्य देतात तो शिवाशिवीचा खेळ. भाषेने एकच धातू दोन्हीकडे वापरला. एकीकडे शिवणे हे पाप, दुसरीकडे शिवणे हाच डाव.

हुतूतू आणि खो-खो हे आपल्या मातीतले खेळ. दोन्ही स्पर्शावर उभे आहेत. खो-खोत पाठीवर हात पडल्याशिवाय खो मिळत नाही आणि पळणाऱ्याला शिवल्याशिवाय तो बाद होत नाही. हुतूतूत चढाई करणारा शिवायला येतो आणि बाकीचे त्याला मिठी मारून, पाय धरून अडवतात. हे खेळ गावोगाव पूर्वीपासून खेळले जात होते. त्यांना लिखित नियम आले ते विसाव्या शतकात. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बसवायला घेतले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम प्रसिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाला.

हे नियम करणारे बहुतेक पांढरपेशे, उच्चवर्णीय होते. त्यांनी जातिभेद मोडण्यासाठी नियम केले नाहीत. पण खेळाचा नियम लिहायचा म्हटल्यावर त्यांना असे लिहिता आले नाही, की अमक्या जातीचा स्पर्श धरला जाईल आणि तमक्याचा धरला जाणार नाही. जो शिवला गेला तो बाद. कोणी शिवले, हा प्रश्न नियमाने पुसून टाकला. मनुस्मृतीत स्पर्शाला जात आहे, खो-खोच्या पाट्यांमध्ये नाही. शाळेच्या मैदानावर आमच्या मुलाच्या हातून सवर्ण मुलगा बाद होतो, आणि घरी जाऊन आंघोळ करत नाही, तेव्हा दोघांनाही न सांगता एक धडा मिळालेला असतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील समतेचा पाठ एवढा खोल जात नाही.

म्हणूनच जिथे जात टिकवायची असते तिथे पहिल्यांदा डाव वेगळे केले जातात. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाच्या आरंभीच शाळेची सहल आहे. त्या सहलीत वरच्या जातींची मुले कबड्डी खेळतात. महारांच्या मुलांना त्यात प्रवेश नाही, ती आपला वेगळा शिवाशिवीचा डाव मांडतात. एकाच शाळेची मुले, एकच मास्तर, एकच माळरान आणि दोन डाव. ज्या खेळात शिवावे लागते तो खेळ मिसळून खेळायचा नाही, हे त्या मुलांना कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते.

मिसळून डाव झाला तरी सगळे संपते असे नाही. गडी वाटून घेताना कोणाचे नाव शेवटी उरते, अंगाने दणकट म्हणून पकडीला कोणाला ठेवतात, वाद झाला की कोणाच्या तोंडून जातीचा शब्द पहिल्यांदा निघतो, आणि बक्षीस समारंभात संघातर्फे कोण व्यासपीठावर जातो, हे पाहावे. आमच्या मुलाच्या ताकदीचे कौतुक करताना 'तुमचे अंगच तसले' असे म्हणणारे शिक्षक कमी नाहीत. त्या कौतुकात त्याच्या डोक्याला वगळलेले असते. बाळूंची गोलंदाजी चालली, त्यांची कर्णधार होण्याची अक्कल मानली गेली नाही, तीच ही रीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कुंपण आहे. मुक्ताला लेखणी मिळाली, मैदान मिळाल्याची नोंद नाही. आमच्या वस्तीतली मुलगी सकाळी पाणी भरून, सरपण आणून, धाकट्या भावंडाला काखेत घेऊन शाळेत येते. तिचे शरीर पळायला कमी पडत नाही, तिला वेळ मिळत नाही. ती मोठी होऊ लागली की घरचेच तिला मैदानावरून मागे ओढतात. गावातल्या टवाळांच्या नजरेची भीती असते आणि दलित मुलीची छेड काढणाऱ्याला गावात जाब विचारला जात नाही, हा अनुभव त्या भीतीमागे असतो. सवर्ण मैदानाबद्दल बोलताना आपण आपल्या घरच्या या कुंपणाबद्दल गप्प राहिलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

६

२६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता कायद्याने नष्ट झाली. संविधानाच्या अनुच्छेद १७ चा उल्लेख आपण नेहमी करतो. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाकडेही मैदानाच्या संदर्भात पाहावे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याच ओळीत राज्याच्या पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक वावराच्या जागा तिथे नमूद आहेत. पाणी आणि मोकळी जागा एकाच वाक्यात आली आहे. साताऱ्याच्या नळाची आठवण असलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे ध्यानात घेतले की त्या ओळीला वेगळे वजन येते. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मोकळी, विस्तीर्ण जागा आणि तिच्यावर वसतिगृहे. खेड्यांतून आलेल्या मुलांना तिथे वर्ग, पंगत आणि मैदान एकत्र मिळाले. यांपैकी एक सुटे करून दिले तर बाकीचे दोन अपुरे राहतात, हे बाबासाहेबांना स्वतःच्या बालपणापासून माहीत होते.

२००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय असले पाहिजे याची यादी आहे. त्यात पिण्याचे सुरक्षित पाणी आहे आणि खेळाचे मैदानही आहे. पुन्हा पाणी आणि मैदान शेजारी शेजारी. कागदावर हा हक्क झाला. प्रत्यक्षात शहरांतल्या झोपडपट्टीतील मुलांच्या शाळा एकेका इमारतीच्या मजल्यावर भरतात आणि मैदान म्हणून गच्ची किंवा गल्ली दाखवली जाते. जिथे मोठी मैदाने आहेत तिथे फी मोठी आहे. कबड्डीही मातीवरून मॅटवर गेली. मॅट आणि बूट ज्या शाळेला परवडतात तिचा संघ पुढे जातो. पूर्वी जात सरळ नाव घेऊन मैदानावरून हाकलत होती. आता ते काम पुष्कळ ठिकाणी जमिनीचा भाव करतो, आणि हाकलली जाणारी मुले बहुतेक तीच असतात.

शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या शाळेच्या मैदानाचा इतिहास लिहून काढावा, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते. त्याला मोठ्या साधनांची गरज नाही. मैदानाची जमीन मुळात कोणाची होती आणि शाळेकडे कशी आली? ते कोण झाडते आणि रेषा कोण आखते? गेल्या वीस वर्षांत कबड्डीचे आणि खो-खोचे कर्णधार कोण होते? मुली कितव्या इयत्तेपर्यंत खेळल्या आणि का थांबल्या? खेळून झाल्यावर मुले पाणी कुठे पितात, आणि पेला एकच असतो का? वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारले तर यांतल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतील. ती लिहून ठेवली नाहीत तर त्यांच्याबरोबर जातील.

मुक्ताने ऐकलेले लिहून ठेवले म्हणून गुलटेकडीचे मैदान आपल्याला माहीत झाले. तिच्या वयाची मुले आज शाळेत आहेत. त्यांच्या मैदानावर काय चालले आहे, ते त्यांनाच लिहायला सांगावे. शिक्षकाने एका तासाला निबंधाचा विषय म्हणून एवढे जरी दिले, तरी मैदानावर आमचा विद्यार्थी नेमका कुठे उभा आहे ते कळू लागेल.